पायलीभर भात, दोन शेर नाचणी

निघण्याआधी पिशवी भरा. पायलीभर भात, सालासकट, आणि दोन शेर नाचणी, पाखडून निवडलेली. खिशातल्या नोटा घरीच ठेवा, त्या तिथे कुणी घेणार नाही. जायचं मालवणात. काम एवढंच की भाताचे तांदूळ करून घ्यायचे, नाचणीचं पीठ करून घ्यायचं आणि परत यायचं. धान्य तेच, गाव तोच, साल मात्र प्रत्येक खेपेला वेगळं. मी सोबत आहे, पण ओझं तुम्हीच उचलायचं.

पहिलं साल 1665.

पौषातली पहाट आहे, अजून कोंबडा आरवलेला नाही. समोर कुरटे बेटावर शेकोट्या दिसतात. दोन महिन्यांमागे, 25 नोव्हेंबर 1664 ला, मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन तिथे शिवाजी महाराजांच्या नव्या किल्ल्याचं काम सुरू झालं. तो पुरा व्हायला 1667 उजाडेल. तोवर पाथरवट, लोहार, गवंडी, चुना मळणारे, चिरे वाहणारे असे शेकडो हात त्या बेटावर राबणार. त्या हातांना पेज लागते आणि पेजेचे तांदूळ बेटावर पिकत नाहीत.

मालवणच्या मेढ्यातल्या एका शाकारलेल्या घराच्या मागीलदारी उभे राहा. घरघर ऐकू येते ना? ती या एका घरातली नाही. शेजारून येते, माडांच्या पलीकडून येते, वायरीच्या वाटेवरच्या घरांतूनही येत असणार. सगळा गाव अंधारात दळतो आहे. पीठ एकदाच दळून महिनाभर का ठेवत नाहीत, असं तुमच्या मनात येईल. इथली हवा हातात धरून पाहा. समुद्राचा ओलावा आहे, धान्यात तेल आहे. दाणा फुटला की आतलं तेल वाऱ्याला लागतं आणि पीठ लवकर खवट होतं. सालातला भात वर्ष काढतो, सोललेला तांदूळ त्याहून कमी टिकतो, पीठ सगळ्यांत कमी. म्हणून किल्ल्यावरही आणि घरातही साठवण भाताची. बाकीचं काम रोजच्या रोज, उजाडायच्या आत, कारण उजाडल्यावर शेत आहे, गुरं आहेत, पाणी आहे.

तुम्ही पुरुष असाल तर ओटीवर जाऊन पडा, कुणी काही म्हणणार नाही. बाई असाल तर आत या, खुंट्याला दुसरा हात हवाच आहे. पुढे मी तुम्ही बाई आहात असं धरून लिहितो. पुरुषांना या गोष्टीत पुढली अडीचशे-पावणेतीनशे वर्षं तसं कामच नाही.

"दळाण? बस वायच. उजवाडतासर होतला," घरची थोरली म्हणते आणि पाट सरकवते.

खाली तळी आहे, जमिनीत घट्ट बसवलेली. वर पेड. मधोमध खीळ, काठाला लाकडी खुंटा. तुम्ही दोघी समोरासमोर, एक पाय लांब, एक दुमडलेला. दगड काळा आहे. मालवणात पायाखाली जिथे तिथे जांभा, पण जांभ्याचं जातं होत नाही. तो छिद्राछिद्रांचा, त्याची कचकच पिठात उतरते. काळा दगड घाटाकडून आणावा लागतो. दळून दळून तो गुळगुळीत झाला की दाणा फुटत नाही, नुसता लोळतो आणि तापतो. मग टाकी घेऊन पाथरवट येतो आणि दगडाला पुन्हा खडबडीत करून जातो. हा सगळ्या दळण्यातला एकमेव पगारी पुरुष.

वैरण घालायची ती मुठीमुठीने. जास्त पडली तर पीठ जाडं येतं. कमी पडली तर दगडावर दगड घासतो आणि भाकरीत खर लागते. डाळ भरडायची असेल तर खिळीला चिंधी गुंडाळून पेड किंचित उचलायची. हे तुम्हाला कुणी शिकवणार नाही. समोरच्या हाताकडे बघून उमगायचं. नाचणीचा दाणा मोहरीएवढा, तो पेडीखालून निसटायला बघतो, त्यामुळे तिला तांदळापेक्षा जास्त फेरे लागतात. खांदा भरून आला ना? अजून अर्धीही झालेली नाही.

आता समोरची थोरली गायला लागेल. फेऱ्याला फेरा जुळावा म्हणून गाते, श्वास आणि हात एका लयीत यावेत म्हणून गाते, आणि दिवसभरात दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही म्हणूनही गाते. माहेर, भाऊ, पंढरीचा विठ्ठल, गावचा देव, पोटातलं पोर, सगळं त्या ओवीत येतं. सासूही येते, अगदी ती शेजारच्या खोलीत जागी असताना. दगडापुढे म्हटलेलं कुणाला लागत नाही असा करार आहे. ज्या जात्यावर तुम्ही बसला आहात त्याची जातकुळी फार जुनी आहे. नेवाशाच्या उत्खननात सातवाहनांच्या काळातली फिरती जाती सापडली. ओवीची नोंदही जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे 1129 च्या सुमाराला, महाराष्ट्रातल्या बायका ओवी गातात असं लिहिलं आहे. फक्त एक गोष्ट लोक विसरतात. सोमेश्वराने ती ओवी जात्यावर ऐकलेली नाही, कांडताना ऐकलेली आहे. कोकणाला हे सांगायची गरज नाही. भाकरीच्या मुलखात जातं थोर, भाताच्या मुलखात मुसळ.

तेव्हा मुसळाकडे वळू. तुमचा भात आज मिळणार नाही. तो आधी उकडायचा आहे. रात्रभर भिजत घालायचा, सकाळी मोठ्या भांड्यात साल उकलेपर्यंत उकडायचा, मग शेणाने सारवलेल्या खळ्यात हातरी टाकून वाळवायचा. फार वाळला तर फुटतो, कमी वाळला तर चेचतो. दाताखाली धरून ठरवतात. तुमची घाई इथे कुणाला समजणार नाही, दोन दिवस थांबा.

या खटाटोपाचं एक कारण घरातल्या कुणालाही विचारलं तरी सांगतील, उकडा भात कांडताना कण्या कमी होतात. दुसरं कारण कळायला सव्वादोनशे वर्षं जायची आहेत. जावा बेटावर आयकमन नावाचा डच डॉक्टर बघेल की पांढरा सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की उठतात. बेरीबेरीचं मूळ तिथे सापडलं आणि 1929 चं नोबेल त्याला मिळालं. उकडताना कोंड्यातलं ते सत्त्व दाण्यात मुरतं, मग तांदूळ सडला तरी सगळं वाहून जात नाही. मालवणच्या बाईने हे जीवनसत्त्वासाठी केलेलं नाही हे उघड आहे. तिला पेज दाट हवी होती आणि कण्या कमी हव्या होत्या. पण ती करत होती ते बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी भात घिरटीतून भरडून निघतो. घिरट म्हणजे जात्याचाच मोठा, हलका भाऊ, साल तेवढं सोडवणारा. मग व्हायनात मुसळ. व्हायन म्हणजे जमिनीत पुरलेलं उखळ, भोवती तिघी उभ्या, मुसळं एकामागून एक पडतायत आणि एकदाही एकमेकांवर आपटत नाहीत. मधेच एक वाकून पायाने दाणे आत लोटते, दोन मुसळांच्या मधल्या क्षणात. तुम्ही हे करून बघू नका.

मग सूप. तूस वेगळं, कोंडा वेगळा, कण्या वेगळ्या, तांदूळ वेगळे. तूस चुलीत आणि राखुंडीत, कोंडा गुरांना, कण्या पेजेला किंवा कोंबड्यांना. भाताच्या वजनातले साधारण दोन तृतीयांश तांदूळ उतरले. वाया काही गेलं नाही.

तुम्ही मोबदला विचाराल. घरची बाई हसेल. घरच्या दळणाला कसला मोबदला? पण व्हायनाभोवतीच्या तिघींत एक या घरातली नव्हती, ती पाहिलीत का? ती कांडपीण. संध्याकाळी तिच्या पदरात मापाने थोडे तांदूळ, कण्या आणि कोंडा पडतो. ती त्यावर पोरांना वाढवते. तिचं मुसळ आणि या घरच्या सुनेचं मुसळ दिवसभर त्याच व्हायनात एकाआड एक पडत होतं. घाम सारखाच आला. एकीच्या घामाला माप मिळालं, दुसरीच्या नाही, कारण दुसरी घरची होती. गिरणीवाल्याचा धंदा कुठे सुरू होतो असं कुणी विचारलं तर मी त्या कांडपिणीच्या पदराकडे बोट दाखवीन. कोकणातला पहिला गिरणीवाला ही बाई आहे.

पुढचं साल 1885 च्या आसपासचं घ्या. इथे फार थांबायचं नाही.

किल्ला इंग्रजांनी 1765 मध्ये घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं आणि परतही केला. 1812 च्या तहाने मात्र करवीरकरांकडून मालवण त्यांच्याकडे गेलं ते गेलंच. आता हा रत्नागिरी जिल्ह्यातला तालुका आहे. मागीलदारी बदल काही नाही. तीच घरघर, तेच व्हायन, तुमची तीच पायली. बदल ओटीवर आहे, तिथे पुरुष दिसत नाहीत. ते मुंबईला गेले. 1854 मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची पायाभरणी झाल्यापासून परळ-लालबागकडे रत्नागिरीच्या माणसांचा ओघ लागला आहे. घोव मुंबईला वाफेच्या यंत्रापुढे उभा, बायल मालवणात हाताच्या दगडापुढे बसलेली. मुंबईच्या वाफेला कोकणच्या मागीलदारी पोचायला अजून दोन पिढ्या जातील.

ज्यांच्या घोवाची मनीऑर्डर येत नाही, किंवा ज्यांना घोवच उरलेला नाही, त्या बायका दुसऱ्यांची दळणं आणतात. मराठी आत्मचरित्रांत एक वाक्य किती वेळा येतं आठवा: आईने दळण-कांडण करून आम्हाला शिकवलं. आपण ते वाचतो आणि गहिवरून पुढे जातो. थांबून कधी हिशेब करत नाही. मॅट्रिकच्या एका फीमागे किती पायल्या, आणि त्या पायल्यांमागे किती पहाटा. ही मराठी मध्यमवर्गाच्या शिक्षणाची न लिहिलेली खतावणी आहे. बंगालमध्येही तसंच होतं, तिथे ढेकीवर, म्हणजे पायाने चालवायच्या मुसळावर, भात कांडून विधवा पोट भरत. भाताच्या मुलखात ज्या बाईला जमीन नाही आणि आधार नाही, तिला मुसळ तेवढं उरतं.

तुमचं दळण त्यांतल्या एकीकडे द्या. ती मापाने घेईल, मापाने परत देईल आणि ठरलेला वाटा काढून ठेवेल. बोलणार फार नाही.

आता 1955 ला चला. मला सगळ्यात जास्त इथे रमायला आवडतं, म्हणून सावकाश जाऊ.

वाटेवर असतानाच आवाज कानावर येतो. पुक्, पुक्, पुक्, आणि एक मोठा उसासा. इंजिन आहे, तेलावर चालणारं. खडकीला किर्लोस्करांचा तेलइंजिनांचा कारखाना 1946 मध्ये निघाला. त्याआधी साताऱ्याच्या कूपरची आणि विलायती इंजिनं होतीच. वीज न पोचलेल्या गावांत यंत्र पहिल्यांदा घुसलं ते याच दाराने. गिरण चालू आहे की बंद हे घरात बसून कळतं. आवाज सुरू झाला की चार घरांतून डोक्यावर डबे निघतात.

आत जा. इंजिनाला गार ठेवायला शेजारी पाण्याचा हौद, त्यातून वाफ येते आहे. मोठ्या चाकावरून लांब पट्टा दुसऱ्या टोकाच्या चक्कीकडे गेलेला, तो फडफडतो. पदर आवरून घ्या. या पट्ट्याने पदर आणि वेण्या ओढलेल्या आहेत, म्हणून गिरणीवाला बाकी काही नाही तरी हे ओरडून सांगतो. त्याच्या भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, वय ओळखू येत नाही. कान अर्धे गेले आहेत, तो ओठ वाचतो.

"मावशे, खयचा दळाण? नाचणी काय ता? मगे थांब. आदी तांदूळ काढतंय."

ही त्याची विद्या आहे. दगड तोच, दाणे वेगवेगळे, तेव्हा कोणाच्या मागे कोण हे ठरवावं लागतं. पांढरे तांदूळ आधी, नाचणी नंतर, हरभऱ्याची डाळ वेगळी. एकादशीच्या आदल्या दिवशी उपासाची वरी असेल तर दगड झाडून पहिला घाणा तिचा. मोदकाचे तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेले हवेत. ते ओले राहिले तर दगडाला पीठ चिकटतं आणि मागच्या रांगेतल्या सगळ्यांचा खोळंबा होतो. वड्याचं पीठ मात्र मऊ काढायचं नाही. तांदूळ, उडीद, धणे, मेथी घालून आणलेलं ते मिश्रण रवाळ निघालं तर वडा फुगतो. यातलं काही कुठे लिहिलेलं नाही. तो पीठ बोटांत चोळतो, चक्कीचा दट्ट्या अर्धा फेरा घट्ट करतो, पुन्हा चोळतो. आठवड्यातून एकदा दगड उघडून टाकी मारतो. म्हणजे पाथरवटाचं कामही त्याने घेतलं.

कापडी बाहीतून पीठ पडतं. हात लावा, तापलेलं आहे.

"पीट गरम आसा, तोंड उघडा ठेव," तो सांगतो. झाकलंत तर वाफ धरून पीठ कुबट होईल.

बाजूला भाताचं यंत्र, हलर. तुमचा भात त्यातून काही मिनिटांत निघतो. तांदूळ पांढरे आणि चकचकीत, पण सूप घेऊन बसलात तर फरक दिसेल. तूस आणि कोंडा एकत्र दळून एकच भुकटी झाली आहे. ती ना धड गुरांना ना धड चुलीला. सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाच्या कण्याही जास्त. उकडा असल्यामुळे तुमचा तगला. तीनशे वर्षांपूर्वी जे चार वाटे झाले होते त्यांचे आता दोनच झाले.

पण वेळ बघा. दोन दिवसांचं काम तुम्ही रांगेसकट एका सकाळी उरकलं. आणि रांगेत काय चाललंय तेही ऐका. विहीर आणि देऊळ सोडलं तर बायकांना घराबाहेर बसून बोलायला ही तिसरी जागा मिळाली. कोणाचा चाकरमानी यंदा चतुर्थीला येणार नाही, कोणाच्या चेडवाचं लग्न ठरलं, बोटीतून काय सामान उतरलं, सगळं इथे कळतं. रांग मात्र सगळ्यांना सारखी नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली बाई डबा घेऊन जरा लांब उभी आहे, तिचं दळण शेवटी घेतलं जाईल. काही घरांत गिरणीचं पीठ सोवळ्याला चालत नाही, देवाच्या नैवेद्याचं अजून घरच्या जात्यावर निघतं. यंत्राने जात मोडली असं लिहायला मला आवडलं असतं. दगडाने दाण्यात भेद केला नाही एवढंच खरं.

मजुरी पायलीमागे आण्यांत. अजून दीड-दोन वर्षं शेर, पायली आणि आणे आहेत. 1957 च्या एप्रिलपासून नये पैसे येतील, मागोमाग किलो येईल आणि भिंतीला वजनकाटा टांगला जाईल. तुम्ही विचाराल ते सांगतो: कोंडा गिरणीत ठेवलात तर मजुरी कमी पडेल, घरी नेलात तर पुरी. आणि एक नवल घडलेलं आहे. सुनेने घरी दळलं तेव्हा ज्या कामाला किंमत नव्हती, तेच काम पुरुषाने इंजिन लावून केलं तेव्हा त्याला दर आला, पाटी आली आणि मालक आला.

कांडपीण कुठे गेली? रांगेत नाही. तिला दळायला आणण्याएवढं धान्य नाही. ज्या घरांचं ती कांडत होती ती घरं आता इथे उभी आहेत. गिरणीने सुनेची पहाट मोकळी केली आणि विधवेची भाकरी काढून घेतली. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच पट्ट्यावर झाल्या. त्यातली एकच सांगणारा माणूस, कुठलीही, अर्धंच सांगतो.

ही फाळणी दिसली नव्हती असं नाही. गांधीजींनी 1934 च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत. हातसडीचा तांदूळ आणि जात्याचं पीठ हे त्यांच्या पहिल्या आग्रहांपैकी होते, आरोग्यासाठीही आणि हातांच्या कामासाठीही. पुढे 1958 मध्ये भात गिरण्यांवर नियंत्रण आणणारा केंद्रीय कायदा झाला, हातकांडपाला आसरा मिळावा म्हणून. तो 1997 मध्ये रद्द झाला, आणि मधल्या काळात मुसळं कधीच वळचणीला गेली होती. संघाची बाजू खरी होती. पण आश्रमात पुरुषही जात्यावर बसत, मालवणात ती पाळी कुणावर आली नाही. हातसडीचा तांदूळ चांगला म्हणणाऱ्याच्या हातात सडायचं मुसळ नसलं की तो सल्ला सासूसारखा ऐकू येतो.

1972 ला फक्त डोकावू. राज्यात दुष्काळ आहे, रेशनवर तांबूस मिलो आलं आहे. त्याआधी दहा-पंधरा वर्षं पीएल-480 चा अमेरिकन गहू येत होताच. भात खाणाऱ्या घरांत गहू आला की त्याचं करायचं काय? घरचं जातं गव्हाचं मऊ पीठ काढायला कष्ट घेतं, तेव्हा डबा गिरणीत. चपाती कोकणच्या रोजच्या ताटात आली त्यात रेशन दुकानाचा आणि गिरणीवाल्याचा वाटा मोठा आहे. तुमची नाचणी बघून रांगेतली एक बाई म्हणेल, अजून ह्याच खाताय? नाचणी तेव्हा गरिबीची खूण होती.

मधली वर्षं सोडून द्या. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कितीतरी घरांत मनीऑर्डर थांबून माणूसच परत आला. पुक् पुक् बंद पडली, विजेची मोटर आली.

आता आजचं मालवण. इथे तुमच्या नोटा चालतील.

समोर बेटावर किल्ला आहे, जेटीवरून होड्या सुटतायत. ज्या नाचणीला 1972 मध्ये नाकं मुरडली, तिच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष पाळलं, आणि ती आता पुड्यांत, बिस्किटांत, पर्यटकांच्या भाकरीत आहे. घरोघरी कपाटाएवढी घरघंटी आली. काही न्याहारी-निवासांच्या अंगणात जुनी जाती फुलझाडांच्या कुंडीखाली आहेत. त्याला मी वारसा म्हणणार नाही, तो बैठक बदललेला दगड आहे. लग्नात मात्र जातं-मुसळ अजून निघतं. आंब्याची पानं बांधतात, सुवासिनी हळद दळतात, घाणा भरतात, फोटो निघतात, आणि जातं पुन्हा खाटेखाली. ते एका दिवसाचं दळण बघताना हात बघा. साठीच्या पुढच्या बायकांचा खुंटा सहज फिरतो. बाकीच्यांना तो दोन फेऱ्यांत जड होतो.

ओव्या गेल्या का? गिरणीने ओवी मारली असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. दळणाऱ्या बायकांनी गाणं सोडलं म्हणून रडल्याचं फार ऐकू येत नाही. त्यांनी दळण सोडलं आणि त्या सुटल्या. गाणं त्या कष्टाच्या अंगावर वाढलं होतं, कष्ट गेला तेव्हा त्याचं अंग गेलं. पण ते शब्द वाचवायला हवे होते आणि काही माणसांनी ते केलं. हेमा राईरकर आणि गी पॉयतवां यांनी पुण्याहून महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओव्यांसोबत नोंदवलं. 2017 पासून त्या 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतात. त्या ऐका. जात्याची थोरवी कमी आणि जात्याबद्दलची तक्रार जास्त ऐकू येईल.

तुमची पिशवी अजून खांद्यावर आहे. ती घेऊन एखाद्या बचत गटाच्या गिरणीत जा. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण योजनांतून बायकांना पिठाच्या गिरण्या अनुदानावर मिळतात. वड्याचं पीठ, कुळथाची पिठी, आंबोळीचं पीठ, बाजूच्या डंकावर मालवणी मसाला. मशीनपाशी बाई उभी आहे, भुवया पांढऱ्या. तीच पीठ बोटांत चोळते, तीच दट्ट्या फिरवते. इतक्या वर्षांनी दगड पुन्हा बाईच्या हाताखाली आला, आणि या खेपेला भिंतीवर दराची पाटी आहे.

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका, रांग रस्त्यापर्यंत येते. वड्याचं पीठ रवाळ हवं हे आधीच सांगा. पीठ गरम असताना डब्याचं झाकण लावू नका. आणि पाटीवर जो दर लिहिला असेल तो पुरा द्या, घासाघीस करू नका.